मंदीवाल्याची दुआ

ओराझबेकला लग्नाकार्याचं आमंत्रण द्यायला येणारे लोक आधी त्याच्या बायकोला बाजूला घेत आणि विचारत, "रबिगा, गप्प बसतील ना हे?" रबिगा गळ्याची शपथ घेऊन सांगे की बसतील, आणि मगच आमंत्रण मिळे. जेवायला बोलावताना ज्याच्या जिभेची हमी घ्यावी लागते असा दुसरा माणूस अल्माटीत नसावा.

त्याचा गुन्हा एवढाच की त्याचं चुकायचं नाही. एका दलालपेढीसाठी तो दर महिन्याला बाजाराचा अंदाज लिहायचा, आणि लिहायचा तो मंदीचाच. तेल चढलं की हा म्हणणार उतरेल. एखाद्या बँकेने काचेची उंच इमारत बांधली की हा विचारणार, पैसे कुणाचे? सगळं शहर कर्ज काढून घरं घेत होतं तेव्हा याने लिहिलं की बँका बुडतील, आणि बुडाल्या. गेल्या वर्षी लिहिलं की तेंगे, म्हणजे इथलं चलन, घसरेल, आणि घसरला. पण खरं बोलणाऱ्याला कुणी हार घालत नाही. लोकांनी त्याचं नाव कावळा ठेवलं. अभद्र बोलू नये, जवळून एखादा फरिश्ता जात असला तर तो आमीन म्हणून टाकतो, अशी इथल्या माणसांची पक्की समजूत. त्यामुळे बँक खाल्ली संचालकांनी आणि पाप आलं ओराझबेकच्या माथी.

तेवढ्यावर भागतं तरी त्याने सोसलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी त्याच्या एकुलत्या एक मुलीला, शोल्पानला, शिमकेंटचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि चहा पिता पिता आपल्या बँकेचं कौतुक सांगत होते. ओराझबेकला राहवलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या बँकेने जुनी बुडीत कर्जं नव्या कर्जांनी झाकलीयत. दोन वर्षांत दाराला कुलूप लागेल. तुम्ही आत्तापासूनच दुसरी नोकरी बघा." पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. बँकेला कुलूप लागलं, तेही दोन वर्षांच्या आतच. शोल्पानने तोवर तिशी ओलांडली होती, आणि कावळ्याच्या घरची मुलगी करून घ्यायला कुणी धजत नव्हतं.

रबिगाने त्यानंतर महिनाभर अबोला धरला. शोल्पान मात्र बोलली. कुलूप लागल्याची बातमी आली त्या दिवशी ती म्हणाली, "पपा, तुमचं बरोबर होतं. मग आता काय करू मी?"

आणि आता, इतक्या काळाने, दिदारशी जुळलं होतं. शोल्पान शिकवायची त्याच शाळेत दिदार गणित शिकवायचा. गरीब स्वभावाचा, मोठ्या कानांचा, शोल्पान बोलू लागली की तिच्याकडे बघत राहणारा मुलगा. त्याचे आईवडील तालगारचे. जूनमधल्या एका रविवारी ते सोयरीक पक्की करायला येणार होते. ही सोयरीक मोडली तर दुसरी येणार नाही, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

त्या सकाळी रबिगा स्वयंपाकघरात पीठ लाटत होती. ओराझबेक खिडकीशी बसून बोलत होता. वसंतात दलालपेढीने त्याला नारळ दिला होता. मालक त्याला आदराने हाक मारून म्हणाला होता, "ओरेके, लोक आमच्याकडे पैसे वाढवायला येतात, मयताला नाही." तेव्हापासून त्याचे अंदाज ऐकायला एक रबिगाच उरली होती.

"चीनने शहरंच्या शहरं बांधून ठेवलीयत, राहायला माणूस नाही. मग आपलं तांबं घेणार कोण? तेल वर्षात निम्म्यावर आलंय. रूबल पडला. आपला तेंगे तेवढा छाती काढून उभा. लोक खुशीत सीमेपलीकडे ओम्स्कला जाऊन स्वस्तात गाड्या आणतायत. अगं, शेजाऱ्याचं घर जळतंय म्हणून त्याचं सामान स्वस्तात घेतायत, आणि भिंत दोघांची एक! हिवाळ्याच्या आत तेंगे आपटणार. आणि आपटला की या बँकांचे रंगवलेले चेहरे धुऊन निघणार. ती कोकतेम बँक सगळ्यात आधी. एवढं व्याज देते म्हणजे घरात दाणा नाही तिच्या."

"झालं?" रबिगाने लाटणं खाली ठेवलं. "आटोपलं असेल तर आता माझं ऐका. बँक, तेल, तांबं, तेंगे. यातला एक शब्द आज या घरात निघायचा नाही."

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

"तर चांगलं बोलायचं."

"खोटं?"

"खोटं तर खोटं! एका दिवसाच्या खोट्याने जीभ झडत नाही तुमची. मुलीकडे बघा जरा. सकाळपासून तीनदा कपडे बदललेत तिने."

ओराझबेकने मान डोलावली. त्याचे स्वतःचे पैसे, आयुष्यभराची शिल्लक, मार्चमध्येच डॉलर होऊन कपाटातल्या हिवाळी बुटांच्या खोक्यात जाऊन बसले होते. ते रबिगालाही ठाऊक होतं.

व्याही आले ते हसतच आले. बेइसेन म्हणजे दारातून आत शिरला की दार भरून जाईल असा आडदांड माणूस, आणि आवाज त्याहून मोठा. तालगारला त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याची बायको कुल्याश बारीक, चटपटीत आणि जिभेने तिखट. मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी थाळीत आली, आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकमेकांना हाताने भरवू लागली. हे एकदा तोंडात गेलं की सोयरीक मोडता येत नाही. कुल्याशने ओराझबेकला घास भरवला आणि चरबीची बोटं मुद्दाम त्याच्या ओठांवरून, गालांवरून फिरवली.

"व्याहीबुवा, चांगलं चोपडून ठेवते हं. म्हणजे शब्द तरी गुळगुळीत निघतील!"

जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाभोवती सगळे खो खो हसले. ओराझबेकही हसला. रबिगाने सुटकेचा श्वास सोडलेला त्याला दिसला.

जेवणं झाली. आता दुआ मागायची आणि उठायचं. रबिगाचा म्हातारा काका हात पसरायच्या बेतात होता, एवढ्यात बेइसेन गरजला, "थांबा! आज दुआ माझे व्याही देतील. ओरेके, साऱ्या अल्माटीने तुमच्याकडून वाईट ऐकलं. आम्हाला चांगलं ऐकायचंय. आणि हे बघा, पोरांसाठी एक शब्द जास्त टाका. गॅरेजचा निम्मा हिस्सा विकलाय मी. यांना फ्लॅट घ्यायचाय. बिल्डर मेला डॉलरमध्ये भाव सांगतो, पण इमारत व्हायची शरदात. तोवर पैसे तेंगेमध्ये कोकतेम बँकेत टाकलेत. व्याज झकास आहे. त्या पैशालाही तुमची दुआ लागू दे!"

कोकतेम. ओराझबेकने तोंड उघडलं. रबिगा त्याच्याकडे बघत होती. दारापाशी शोल्पान हातात किटली घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती त्याने ओळखली. शिमकेंटचे पाहुणे उठले होते तेव्हा ती अशीच उभी होती.

त्याने दोन्ही तळवे पसरले. बाकीच्यांनीही पसरले.

"या दोघांच्या चुलीतला विस्तव विझू नये. घरात पाळणा हलता राहावा. बेइसेन व्याह्यांनी घाम गाळून जोडलेला पैसा जिथे ठेवलाय तिथे सुखरूप राहावा, वाढावा. बँकेच्या दाराला कधी कुलूप लागू नये. तेंगे पायावर घट्ट उभा राहावा. अल्ला, आमच्या पदरी चांगलं घाल. आमीन."

"आमीन!" सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. काका म्हणाला, "ओरेकेच्या तोंडात साखर पडो." बेइसेनने त्याला मिठीत घेऊन जमिनीवरून उचललाच. बायका डोळे पुसत होत्या. आणि खरं सांगायचं तर ओराझबेकला ते सगळं फार गोड लागलं. वीस वर्षं त्याने खरं सांगितलं, तर लोक त्याला पाहून रस्ता ओलांडत. आज एक खोटं बोलला तर घरातला वरचा मान त्याचा. थोडं आधीच सुचायला हवं होतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तरी पाहुण्यांना पोचवायला तो खाली गाडीपर्यंत गेला तेव्हा त्याने ठरवलं होतं, की बेइसेनला बाजूला घेऊन कानात सांगायचं. त्याआधी बेइसेननेच त्याला बाजूला घेतलं.

"व्याहीबुवा, छातीवरचा दगड उतरवलात. कुल्याश दोन महिने पाठीशी लागलीय, सगळे डॉलर करून टाका, सगळे डॉलर करून टाका. मी म्हटलं, थांब, व्याह्यांनाच विचारू. ज्या माणसाने आयुष्यात चांगलं भाकीत केलं नाही तो जर चांगलं बोलला, तर त्याहून मोठी हमी कुठली?"

"ती दुआ होती, बेके," ओराझबेक पुटपुटला. "अंदाज नव्हता."

"दुआच तर! अंदाज चुकतात हो. तुमची दुआ कशी चुकेल?"

पलीकडे शोल्पान कुल्याशचा हात धरून कशावर तरी हसत होती. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून हसत होती. असं हसताना तिला पाहून वर्षं झाली होती. ओराझबेकला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की कुल्याशचं ऐका. चार अक्षरं जास्त नकोत.

"सावकाश जा," तो म्हणाला. "वाटेत पोलीस उभे असतात."

त्यानंतर बोलायला वेळ नव्हता असं नाही. जुलै अख्खा पडला होता. पण रबिगा म्हणाली, आधी लग्न पार पडू द्या, मुहूर्तावर अपशकुन नको. ऑगस्टच्या सुरुवातीला लग्न पार पडलं. मग रबिगा म्हणाली, जरा रुळू द्या तिला सासरी, आल्या आल्या सून बापाचे इशारे घेऊन आली असं नको व्हायला. दोष रबिगाला देण्यात अर्थ नाही. ती म्हणायची, आणि ओराझबेक लगेच ऐकायचा. एरवी जन्मात त्याने बायकोचं ऐकलं नव्हतं.

ऑगस्टच्या विसाव्या दिवशी सकाळी सरकारने तेंगेचा भाव धरून ठेवलेला हात सोडला. ओराझबेक भाजी आणायला उतरला होता. कोपऱ्यावरच्या पैसे बदलायच्या दुकानातल्या पाटीवरचे आकडे विझले होते, आणि खाली माणसांचा घोळका उभा होता. कुणी हुंदके देत होतं, कुणी सरकारच्या आईबापांचा उद्धार करत होतं. दुपारपर्यंत तेंगेचा चौथा हिस्सा हवेत गेला होता. ओराझबेकच्या तोंडून आपोआप निघालं, "बघा, म्हणालो नव्हतो?" शेजारच्या बाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणालाच नव्हता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं की त्याचा अंदाज खरा ठरला होता आणि बायकोखेरीज तो कुणाला सांगितलेला नव्हता.

आठवड्याने कोकतेम बँकेने दारावर कागद चिकटवला, की मोठ्या ठेवी तूर्तास मिळणार नाहीत. लोकांनी कागद फाडला. बँकेने दुसरा चिकटवला.

ओराझबेकने बुटांचं खोकं काढलं. फ्लॅटला पुरतील एवढ्या नोटा मोजून कापडात बांधल्या. उरलं ते फार नव्हतं. रबिगा दारात उभी राहून बघत होती.

"जाऊ नका," ती म्हणाली. "त्यांनी काही म्हटलंय का? बेइसेन कालच फोनवर म्हणाला, तब्येतीला जपा म्हणून. गप्प बसा. पैसे मी हळूहळू शोल्पानच्या हाती देईन."

"दोनदा गप्प बसलो," तो म्हणाला. "पोट भरलं माझं."

तालगारच्या घरात त्याला वरच्या जागी बसवलं. चहाच्या पाण्याचा समोवार आणला गेला. शोल्पान पांढरा रुमाल बांधून समोवारापाशी बसली. तिने बापाकडे बघून डोळ्यांनी हसून घेतलं आणि वाटीत दोन बोटं चहा ओतून पुढे केला. दिदार दाराशी बसला. बेइसेन दोन आठवड्यांत खंगला होता. मोठा देह तोच, पण आतलं कुणी काढून घेतल्यासारखा वाटत होता. आणि तो माणूस उलट ओराझबेकचंच सांत्वन करायला लागला.

"मनाला लावून घेऊ नका, व्याहीबुवा. तुम्ही चांगलंच मागितलं होतंत. अल्लाने नाही ऐकलं, त्याला तुम्ही काय करणार? कुल्याशला मी तेच म्हणतो. एवढा बाजार कोळून प्यायलेला माणूस, तोही आपल्याबरोबर बुडाला असेल. मग आपण कोण?"

कुल्याशची जीभ तिखट होती, पण त्या दिवशी तिने ती आवरली होती.

इथे ओराझबेकला फक्त सुस्कारा सोडायचा होता. हो, बुडालो, एवढं म्हटलं असतं तर दोघे व्याही गळ्यात गळे घालून रडले असते आणि नातं आणखी घट्ट झालं असतं. त्याऐवजी त्याने कापडाचं पुडकं काढून दस्तरखानावर ठेवलं.

"मुलांच्या फ्लॅटचे," तो म्हणाला. "घ्या."

बेइसेनने गाठ सोडली. नोटा पाहून त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ओराझबेकचा हात धरला. "घर विकलंत की काय, वेडे का तुम्ही?"

"नाही. माझी शिल्लक आहे."

"शिल्लक? पण हे डॉलर आहेत," कुल्याश म्हणाली. "कधी घेतलेत?"

ओराझबेकला खोटं सुचलं, एकदम चांगलं सुचलं. जुलैमध्ये एक जुनं देणं परत आलं, असं म्हणता आलं असतं.

"मार्चमध्ये," तो म्हणाला.

बेइसेनचा हात सैल झाला. कुल्याशने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग मान फिरवली. दिदार उठून बाहेर अंगणात गेला.

"मला एवढंच सांगा," बेइसेन म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान असू शकतो हे ओराझबेकला ठाऊक नव्हतं. "त्या दिवशी हात पसरले होतेत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कसं असेल, बेके? बाजार आहे तो."

"ओरेके."

"वाटत होतं."

"किती वाटत होतं?"

ओराझबेकने पुडक्याकडे पाहिलं. "होतं नव्हतं ते सगळं लावण्याइतकं."

"आणि मी गाडीपाशी बोललो तेव्हा?"

"तेव्हाही."

बेइसेनने पुडकं पुन्हा बांधलं. जाड बोटांनी गाठ नीट बसेना, ती त्याने दोनदा सोडून बांधली आणि पुडकं ओराझबेकच्या मांडीशी सरकवलं.

"पैसे तर साऱ्या देशाचे गेले. माझे गेले म्हणून मी रडत नाही. पण मला वाटलं होतं, एक माणूस आहे जो तोंडावर खरं बोलतो. सगळ्या अल्माटीने त्याला शिव्या घातल्या तरी बोलतो. म्हणून मी त्याला विचारलं. फ्लॅट वगैरे राहू द्या. मुलं इथेच राहतील, याच छपराखाली."

"बेके, मुलीसाठी मी..."

"सोयरीक मी मोडत नाही. तुमच्या हातून घास खाल्लाय मी. शोल्पान आमची मुलगी आहे. यावरून तिला या घरात कुणी एक शब्द बोलणार नाही, ही माझी जबान."

कुल्याशने हळूच मान हलवून दुजोरा दिला. ओराझबेकचा जीव भांड्यात पडला. हेच तर त्याला हवं होतं. शिव्या त्याच्या वाट्याला आल्या तरी चालतील, पोरीचा संसार वाचला. त्याने हात लांब करून रिकामी वाटी शोल्पानपुढे धरली, कारण तिच्याकडे बघायला काहीतरी निमित्त हवं होतं.

शोल्पानने वाटी घेतली. तिने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न मोडलं होतं तेव्हाही नव्हता. तेव्हा तिला वाटलं होतं, आपला बाप कडू आहे पण खरा आहे, आणि त्या समजुतीवर तिने तीन वर्षं काढली होती. आता तिने वाटीत दूध घातलं, समोवाराची तोटी उघडली आणि चहा पडू दिला. दोन बोटं झाला, निम्मा झाला, ती तोटी बंद करेना.

"अगं सूनबाई," कुल्याश दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, बाप आहे तुझा."

चहा काठाला लागला तेव्हा शोल्पानने तोटी बंद केली. इथे ज्याला बसवून घ्यायचं असतं त्याला चहा थोडा थोडा देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा वाटी पुढे करतो. काठोकाठ भरलेली वाटी पाहुण्याला एकाच अर्थाने दिली जाते, हे प्या आणि निघा. तिने ती दोन्ही हातांनी, डोकं वाकवून, सुनेने द्यावी तशी बापापुढे धरली.

"घ्या, पपा."

वाटी इतकी भरली होती की घेताना त्याच्या बोटांवर चहा सांडला. बेइसेन खिडकीकडे बघत होता. ओराझबेकने थांबायचा प्रयत्न केला नाही, फुंकरही घातली नाही. तो तसाच कढत चहा एका दमात प्यायला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत प्यायला, आणि वाटी खाली ठेवली. त्याची टोपी आणायला शोल्पान स्वतः उठली.